जुन्या संगणकावर सॉफ्टवेअर बसत नाही तेव्हा

सेटअप फाइलवर डबल क्लिक केल्यापासून ‘फिनिश’चे बटण दिसेपर्यंत संगणकात पाच-सहा कामे एकापाठोपाठ होतात. विंडोज आधी फाइलवरची डिजिटल सही तपासते आणि प्रशासकाची परवानगी मागते. मग सेटअप सी ड्राइव्हवरच्या टेम्प फोल्डरमध्ये स्वतःला उलगडतो, विंडोजची आवृत्ती, मोकळी जागा आणि लागणारे जोडघटक पाहतो, फाइली जागेवर नेऊन ठेवतो, रजिस्ट्रीत नोंदी करतो आणि शेवटी एखादी सेवा किंवा ड्रायव्हर सुरू करतो. काम अडते ते यांपैकी एखाद्याच टप्प्यावर. तो टप्पा ओळखला की कारणांची यादी फार आखूड होते. प्रत्यक्षात मात्र पडद्यावरचा संदेश न वाचताच ‘ओके’ दाबले जाते, सेटअप पुन्हा पुन्हा चालवला जातो आणि अखेर कोणीतरी ‘फॉरमॅट मारा’ असे सुचवतो. फॉरमॅट हा शेवटचा उपाय. जुन्या संगणकाच्या बाबतीत तर तो अनेकदा उपायच नसतो, कारण सॉफ्टवेअरला जे खुपत होते ते नव्याने टाकलेल्या विंडोजमध्येही तसेच राहते.

नंदुरबार जिल्ह्यात असे संगणक थोडेथोडके नाहीत. शहादा तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्या सुमारास बाजारात मिळणारा साधा संगणक म्हणजे पेंटियम ड्युअल कोअर किंवा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२-बिट विंडोज ७. शाळांच्या संगणक कक्षांत, टायपिंग क्लासमध्ये, मिरचीच्या आडतीवर हिशेबासाठी आणि गावोगावच्या सेवा केंद्रांत या पिढीची यंत्रे अजून चालू दिसतात. यंत्र चालते, म्हणून बदलले जात नाही. त्यावर घालायचे सॉफ्टवेअर मात्र दर वर्षी नवे होत जाते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. या तारखांनंतर सॉफ्टवेअर बनवणारेही एकेक करून त्या आवृत्त्यांचा हात सोडतात. क्रोम ब्राउझरची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ आहे, तर फायरफॉक्सची शेवटची मालिका ११५. त्यापुढची फाइल कितीही वेळा उतरवली तरी ती या विंडोजवर बसणार नाही.

म्हणून पहिली तपासणी संगणकाची. माय कॉम्प्युटरच्या (विंडोज १० मध्ये ‘धिस पीसी’च्या) चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली की विंडोजची आवृत्ती, सर्व्हिस पॅक, रॅम आणि ‘सिस्टिम टाइप’ या चार गोष्टी एकाच जागी दिसतात. त्या कागदावर उतरवून घ्याव्यात आणि सॉफ्टवेअरच्या मागण्यांशी ताडून पाहाव्यात. सर्वाधिक घोटाळा सिस्टिम टाइपमध्ये होतो. ६४-बिट सॉफ्टवेअर ३२-बिट विंडोजवर चालत नाही. तेव्हा ‘नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन’ असा काहीसा कोड्यात टाकणारा संदेश येतो किंवा १६३३ हा क्रमांक दिसतो. टॅलीप्राइम हे व्यापाऱ्यांच्या ओळखीचे उदाहरण. जुने टॅली ईआरपी ९ ज्या ३२-बिट विंडोजवर वर्षानुवर्षे चालले, तिच्यावर टॅलीप्राइम बसत नाही, कारण त्याला ६४-बिट विंडोजच लागते. कोअर टू ड्युओ हा प्रोसेसर मुळात ६४-बिट असतो. त्यावर ३२-बिट विंडोज टाकलेली असते एवढेच. अशा ठिकाणी ६४-बिट विंडोज टाकून प्रश्न सुटतो, पण त्यासोबत रॅम किमान ४ जीबी करून घ्यावी. फॉरमॅट खरोखर उपयोगी पडतो अशा थोड्या प्रसंगांपैकी हा एक आहे.

प्रोसेसरचीही एक मर्यादा असते आणि तिच्यावर इलाज नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये वापरलेले काही आदेश जुन्या प्रोसेसरला कळतच नाहीत. एव्हीएक्स हा आदेशसंच इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ साली आला, आणि त्यानंतरही पेंटियम व सेलेरॉन या स्वस्त प्रकारांत तो बरीच वर्षे नव्हता. कोअर टू ड्युओमध्ये एसएसई ४.२ नाही, म्हणून विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती त्यावर आडवळणानेही चालत नाही. सेटअप बिनबोभाट पार पडतो, पण सॉफ्टवेअर उघडताच बंद होते, कधी ०एक्ससी०००००१डी असा क्रमांक दाखवते, असे दिसले तर पुढची खटपट सोडून त्याच सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती शोधावी.

संगणक पात्र असेल तर संशय फाइलवर घ्यावा. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागात, धडगाव-मोलगीकडे, नेटची रेंज मध्येच जाते आणि मोठी फाइल अर्धवट उतरते. नाव पूर्ण, चिन्ह बरोबर, आतला माल अपुरा. अशा फाइलचा सेटअप सुरू तर होतो, पण उलगडताना ‘कॅब फाइल करप्ट’ किंवा १३३५ असा संदेश देऊन थांबतो. फाइल तपासण्याची सर्वांत सोपी रीत अशी: तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधले ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हे पान उघडावे, यादीतली सही निवडून ‘डीटेल्स’ दाबावे. सही ठीक असल्याचे तिथे लिहिलेले असेल तर फाइल पूर्ण आहे आणि कोणी तिच्यात ढवळाढवळ केलेली नाही. सही अवैध दिसली तर फाइल खराब असण्याचीच शक्यता अधिक. काही फाइलींवर सहीच नसते. तिथे निदान संकेतस्थळावर दिलेला आकार आणि उतरलेल्या फाइलचा आकार जुळतो का ते पाहावे.

पुष्कळ कंपन्या आकाराने लहान असा ‘ऑनलाइन इन्स्टॉलर’ देतात. तो स्वतः दोन-चार एमबीचा असतो आणि खरा माल स्थापनेच्या वेळी नेटवरून ओढतो. रेंज डळमळीत असलेल्या गावात त्याचा उपयोग नाही. त्याच संकेतस्थळावर ‘ऑफलाइन’ किंवा ‘फुल’ नावाची मोठी फाइल बहुधा असते. ती नंदुरबारला किंवा शहाद्याला चांगल्या नेटवर उतरवून पेनड्राइव्हने न्यावी. पेनड्राइव्हच्याही दोन खोडी आहेत. तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर मावत नाही, भले पेनड्राइव्ह ३२ जीबीचा असो. दुसरे म्हणजे दहा संगणकांत फिरलेला पेनड्राइव्ह व्हायरस घेऊन फिरतो, आणि व्हायरसने स्पर्श केलेली सेटअप फाइल सहीच्या तपासणीत नापास होते. फाइल आधी संगणकावर कॉपी करावी, अँटिव्हायरसने तपासावी आणि तिथूनच चालवावी. झिप फाइल असेल तर ती पूर्ण उलगडून घ्यावी. झिपच्या आतूनच सेटअपवर डबल क्लिक केले की त्याला शेजारच्या फाइली सापडत नाहीत. हे कारण इतके क्षुल्लक आहे की जाणकारांच्याही नजरेतून निसटते.

यानंतर घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही गोल बटणबॅटरी संपली की वीज गेल्यावर संगणकाची तारीख मागे जाते, कधी थेट २००९-१० सालात. डिजिटल सह्या आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. संगणकाच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. मग चांगली फाइलही अविश्वासार्ह ठरते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. तारीख, वेळ आणि ‘भारतीय प्रमाण वेळ’ हा कालविभाग नीट लावून पुन्हा प्रयत्न करावा. दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा बिघडली तर बॅटरी बदलावी. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते.

जागेचा हिशेबही फसवा असतो. सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर टाकायचे ठरवले तरी सेटअप उलगडतो सी ड्राइव्हवरच्या टेम्पमध्येच. मूळ फाइल, उलगडलेला पसारा आणि स्थापित झालेले सॉफ्टवेअर अशी तिप्पट जागा काही काळ लागू शकते. सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘डिस्क क्लीनअप’ने तात्पुरत्या फाइली काढल्या की बरेचदा काही जीबी मोकळे होतात.

मराठी वापरकर्त्यांच्या वाट्याला येणारी एक अडचण इंग्रजी मार्गदर्शिकांत क्वचितच सापडते. विंडोज टाकताना वापरकर्त्याचे नाव देवनागरीत लिहिले तर त्याच नावाचे फोल्डर तयार होते आणि टेम्पचा पत्ताही त्याच्याच आत जातो. युनिकोडचा विचार न करता लिहिलेल्या जुन्या सेटअपना हा पत्ता वाचता येत नाही. तिथे त्यांना प्रश्नचिन्हांची रांग दिसते. ‘फाइल सापडत नाही’ किंवा ‘टेम्पमध्ये लिहिता येत नाही’ असा संदेश आला आणि वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असेल, तर कंट्रोल पॅनेलमधून रोमन अक्षरांत नाव दिलेले नवे प्रशासक खाते उघडावे आणि त्यात शिरून सेटअप चालवावा. जुन्या खात्याचे नुसते नाव बदलून उपयोग होत नाही, कारण आतल्या फोल्डरचे नाव तेच राहते. सेटअपची फाइलही मराठी नावाच्या फोल्डरात ठेवू नये. सी ड्राइव्हवर थेट एखादे छोट्या नावाचे फोल्डर करावे.

इथपर्यंत सारे ठीक असूनही विंडोज ७ अडवते, त्याचे कारण बहुधा राहून गेलेली अपडेट असतात. नेट नसलेल्या संगणकात ती कधी गेलेलीच नसतात. सर्व्हिस पॅक १ नसेल तर आधी तो टाकावा. त्याशिवाय पुढचे काहीच बसत नाही. २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने आपली अपडेट केवळ एसएचए-२ पद्धतीने सही करायला सुरुवात केली, आणि ड्रायव्हर व सेटअपही आता त्याच पद्धतीचे असतात. ही सही ओळखण्यासाठी विंडोज ७ ला केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ ही दोन अपडेट लागतात. ती नसली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि ‘कोड ५२’ दिसतो. डिजिटल सहीचे टोकन, नवा प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र यांच्या बाबतीत हे हमखास घडते. यंत्र खराब समजून परत पाठवले जाते, दोष मात्र विंडोजमध्ये असतो.

‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होणारी एखादी डीएलएल फाइल सापडत नाही, असा संदेशही याच वर्गातला. त्यावर केबी २९९९२२६ हे अपडेट किंवा मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल टाकावे. सुटी डीएलएल फाइल भलत्याच संकेतस्थळावरून उतरवून सिस्टिम फोल्डरात डकवण्याची सवय मोडलेली बरी. त्यातून व्हायरस येतो आणि आवृत्त्यांचा गोंधळ वाढतो. ही सर्व अपडेट मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून फाइलरूपात मिळतात. ती एकदा उतरवून एका पेनड्राइव्हवर जपून ठेवली की शाळेतल्या सगळ्या जुन्या संगणकांना पुरतात.

विंडोज १० मध्ये उलटा प्रकार होतो. तिथे जुने सॉफ्टवेअर डॉटनेट ३.५ मागते आणि तो घटक विंडोजमध्ये बंद ठेवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमधील ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये त्यावर खूण केली की विंडोज तो नेटवरून आणते. नेट नसेल तर ०एक्स८००एफ०९०६ हा क्रमांक येतो. अशा वेळी संगणक तासाभरासाठी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडणे सर्वांत सोपे.

सेटअप मध्यावर थांबत असेल तर क्रमांक वाचावा. १६१८ म्हणजे दुसरी एखादी स्थापना आधीच चालू आहे. बहुधा विंडोजचे अपडेट मागे चाललेले असते. थोडा वेळ थांबून संगणक रीस्टार्ट केला की भागते. १७१९ म्हणजे विंडोज इन्स्टॉलर ही सेवाच मिळत नाही. सर्व्हिसेसच्या यादीत ती सुरू करून पाहावी. १६०३ हा सर्वांत कुप्रसिद्ध, कारण तो फक्त ‘गंभीर चूक झाली’ एवढेच सांगतो. त्याची नेहमीची कारणे म्हणजे आधीच्या आवृत्तीचे उरलेले अवशेष, फोल्डरवरची अपुरी परवानगी किंवा अँटिव्हायरसची आडकाठी. जुनी आवृत्ती नीट काढावी, संगणक रीस्टार्ट करावा, सेटअपवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. तरीही तोच क्रमांक आला तर टेम्प फोल्डरात ताजी लॉग फाइल शोधून नोटपॅडमध्ये उघडावी आणि तिच्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधावेत. खरे कारण त्यांच्या वरच्या काही ओळींत लिहिलेले असते. एवढे एक जमले तर तंत्रज्ञाची निम्मी फी वाचते.

अँटिव्हायरस बंद करून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. फाइल मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरची असेल, सही तपासलेली असेल आणि नेट तोडलेले असेल, तर काही मिनिटांपुरता तो चालेल. ‘क्रॅक’ टाकण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जात असेल तर ती स्थापना अयशस्वी राहिलेलीच बरी.

क्रमांक दर वेळी वेगळा येत असेल, किंवा कधी ३० टक्क्यांवर, कधी ७० टक्क्यांवर काम थांबत असेल, तर दोष यंत्रात आहे. सॉफ्टवेअरची चूक ठरलेल्या जागी होते. यंत्राची चूक जागा बदलते. लाइट अचानक गेल्याने हार्ड डिस्कवर खराब जागा तयार होतात आणि तिथे लिहिताना सेटअप अडखळतो. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘टूल्स’ पानावरून डिस्क तपासता येते. त्याआधी हिशेब, दाखले, फोटो यांची प्रत दुसरीकडे काढावी, कारण मरायला टेकलेली डिस्क या तपासणीतच दम तोडू शकते. रॅमसाठी विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे. त्यात चूक दिसली तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसावेत आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. सेटअप उलगडताना प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालतो, आणि पंख्यात धूळ अडकलेला संगणक त्याच क्षणी तापून बंद पडतो. पंखा साफ करावा, थर्मल पेस्ट नवी लावावी आणि मोठी स्थापना सकाळी लवकर करावी. यूपीएसची बॅटरी गेली असेल तर मोठे सॉफ्टवेअर टाकण्यापूर्वी ती बदलणे स्वस्तात पडते.

स्थापना यशस्वी होऊनही काम होत नाही, हा प्रकार सेवा केंद्रांत नेहमीचा. आधार पडताळणीच्या ठसायंत्राबरोबर येणारी ‘आरडी सर्व्हिस’ पडद्यावर काहीच दाखवत नाही. ती मागे चालते आणि ब्राउझरशी संगणकातल्या संगणकातच, ११,१०० ते ११,१२० या पोर्टवरून बोलते. फायरवॉल किंवा अँटिव्हायरसने हे पोर्ट अडवले की ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ दिसते आणि केंद्रचालक सेवा पुन्हा पुन्हा काढून टाकत बसतो. आधी सर्व्हिसेसच्या यादीत ती ‘रनिंग’ आहे का ते पाहावे, मग फायरवॉलमध्ये तिला मोकळीक द्यावी. एकाच संगणकावर दोन कंपन्यांच्या आरडी सर्व्हिस असतील तर नको असलेली काढून टाकावी. डिजिटल सहीच्या टोकनबाबत क्रम महत्त्वाचा आहे: टोकन बाहेर काढून ड्रायव्हर टाकायचा, संगणक रीस्टार्ट करायचा, मगच टोकन लावायचे. यूएसबी हबऐवजी ते मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावावे. पुढच्या पोर्टना जुन्या डब्यात पुरेशी वीज मिळत नाही.

सगळे करूनही सॉफ्टवेअर बसत नसेल तर खर्चाचा विचार करावा. ६४-बिट प्रोसेसर असलेल्या संगणकात एसएसडी आणि ४ ते ८ जीबी रॅम घातली तर तो आणखी काही वर्षे चालतो, पण विंडोज ११ साठी लागणारे टीपीएम २.० त्यात नसते. केवळ ब्राउझर, पत्रलेखन आणि मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल तर लिनक्स हा फुकटचा आणि सुरक्षित मार्ग आहे. मात्र तिथेही ३२-बिट यंत्रांचे दिवस सरत आले आहेत. उबुंटूने १७.१० पासून ३२-बिट डेस्कटॉप देणे थांबवले, आणि डेबियनची १२ ही ३२-बिट इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती ठरली. ठसायंत्रे आणि टोकन यांचे ड्रायव्हर बहुतांशी विंडोजसाठीच बनतात, तेव्हा सेवा केंद्राने लिनक्सकडे वळण्यापूर्वी याची खात्री करून घ्यावी.

लग्नपत्रिका आणि हस्तपत्रिका छापणाऱ्यांची अडचण निराळी. त्यांच्याकडे पेजमेकर किंवा जुन्या मराठी फॉन्टच्या सीडी असतात, कधी हार्डवेअर लॉकही असतो, आणि नवा संगणक घेतल्यावर तो सेटअप उघडतच नाही. नव्वदच्या दशकातले पुष्कळ इन्स्टॉलर १६-बिट होते आणि ६४-बिट विंडोज १६-बिट काहीच चालवत नाही. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’नेही त्यात फरक पडत नाही. अशा छापखान्याने जुना एक्सपीचा संगणक चालू ठेवावा, पण त्याची नेटची वायर काढून टाकावी, हार्ड डिस्कची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी आणि तयार मजकूर पीडीएफ करून तपासलेल्या पेनड्राइव्हने नव्या संगणकावर आणावा.